मला अवसर आहे

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी जेवतानासुद्धा मी ताटावरून उठून दाराशी जाऊन यायचो. कोण आलंय ते बघायला. कुणी आलेलं नसायचं. आई म्हणायची, "ह्याच्या पायाला भिंगरी बांधूनच पाठवलाय देवानं." लग्नानंतर हे बोलण्याचं काम बायकोकडे गेलं. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची आणि घरातही कमी शब्दांत उत्तर काढून मोकळी व्हायची. मी कॉफी उभ्यानं पितो हे तिनं पहिल्या आठवड्यातच पाहिलं आणि माझ्यासाठी पाट मांडणं सोडून दिलं.

ज्या मराठीत मी हे लिहितोय ती माझी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. ही मी चाळिशीच्या दाराशी, शब्दकोश उशाला घेऊन, रागानं शिकलो. कुणावरच्या रागानं ते पुढं येईलच. आमच्या घरची मराठी निराळी. तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आम्ही पिढ्यान् पिढ्या ती बोलत आलो. आम्ही 'झालं' म्हणत नाही, 'जालं' म्हणतो. सगळ्यांना 'अस्के' म्हणतो. आणि सगळं तमिळ हेल काढून. भाजीवालीशी तमिळ, हपिसात इंग्रजी आणि उंबऱ्याच्या आत मराठी. लिहिण्यावाचण्याची वेळ मराठीवर कधी आलीच नाही, त्यामुळे ती बरोबर आहे की चूक हे कुणी तपासलंही नाही.

मी गावातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. बरी नोकरी होती. पण शिकवलेलंच पुन्हा शिकवायचं म्हणजे माझ्यासारख्याला शिक्षाच की! म्हणून तिशीच्या आत मी राखीव फौजेत अधिकारी झालो. ही अर्धवेळची फौज. एरवी माणूस आपापली नोकरी करतो, वर्षातून दोन महिने वर्दी चढवून कॅम्पला जातो आणि परत येऊन खडू हातात घेतो. गल्लीत याचं मोठं कौतुक झालं. पूर्वज तलवार घेऊन इकडे आले, नंतर सगळे कारकून आणि मास्तर झाले, आता एक जण तरी परत घोड्यावर बसला, असं एक म्हातारे गृहस्थ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. घोडा कसला! मला दिलं पायदळ. दोन महिने चालायचं, खंदक खणायचा, आणि खणलेला खंदक बुजवून परत यायचं.

पहिली काही वर्षं तेही आवडलं. चालणं तर चालणं, बसणं तरी नाही. पण मग बाहेरचं जग असं काही धावायला लागलं की मला खंदकात उभं राहवेना. तंजावरात कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांची टेलिफोनची दुकानं उघडली. ज्या गल्लीत एका घरी फोन होता आणि सगळ्यांचे निरोप तिथं यायचे, त्या गल्लीत लोक आता फोनसाठी भांडत नव्हते. गच्च्यांवर टीव्हीच्या तबकड्या आल्या. कालव्याकाठच्या खेड्यात, जिथं टाउन बससुद्धा कंटाळून जायची, तिथं नारळाच्या झाडाला केबलची वायर गुंडाळलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. माझे विद्यार्थी पास होऊन बंगलोरला जात आणि पोंगलला आले की मला मी कधी न पाहिलेल्या यंत्रांबद्दल सांगत. अख्खा देश वायरींनी जोडला जात होता, आणि त्या वायरी शिकवणारा मी दोन महिने भाताच्या शेताकडेला फावडं मारत होतो. मला झोप लागेना. खरंच लागेना. कॅम्पमध्ये वायरलेसचा सेट पाठीवर घेतलेला जवान पुढून गेला की माझं लक्ष नकाशावरून उडून त्या सेटच्या एरियलकडे जायचं.

मला सिग्नलमध्ये जायचं होतं. पलटणीचे वायरलेस आणि टेलिफोन सांभाळणारी एक तुकडी असते, तिचा अधिकारी व्हायचं होतं. त्यासाठी एक कोर्स करावा लागे. आमच्या पलटणीला त्या कोर्सची वर्षाला एकच जागा मिळायची आणि पस्तिशी ओलांडलेल्याला घेत नसत. मला पस्तिसावं चालू होतं. म्हणजे याच वर्षी, नाहीतर कधीच नाही. इतकं सरळ होतं ते. मी अर्ज टाकला. कोइमतूरकडच्या एका कॅप्टननंही टाकला. तो बँकेत होता, शांत, माझ्याहून बराच लहान. त्याला पुढची चार वर्षंही चालली असती. कुणाला आधी पाठवायचं हे आमच्या साहेबांच्या हातात होतं.

साहेब म्हणजे पलटणीचे कमांडिंग ऑफिसर, कर्नल, कोल्हापूरकडचे. ते त्याच वर्षी आमच्याकडे आले. पूर्णवेळचे फौजी. उंच, आवाज पहाडी, चहात साखर चढी. पहिल्याच संध्याकाळी मेसमध्ये कुणीतरी त्यांना सांगितलं की हा मास्तर मराठी आहे. साहेब ताडकन उठून माझ्यापाशी आले.

"अहो, तुम्ही आपले? आणि कुणी सांगायचं नाही काय! बोला की काहीतरी मराठीत."

मी काय बोलणार? कुणी 'बोल' म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते. मी म्हणालो, "साहेब, तुम्हांस भेटून फार बरें वाटलें. मी तंजावरींच जन्मलों, तेथेंच वाढलों."

साहेब डोळे मिटून हसले. "आयला! अहो मास्तर, हे काय बोलता? आमच्या पणजोबांच्या कागदपत्रांतनं उठून आल्यासारखं वाटतंय. बोला, आणखी बोला!"

तेव्हापासून माझी सुटका नव्हती. ते सगळ्यांशी इंग्रजी-हिंदीत बोलायचे आणि मला बघितलं की मराठी. मी चुकून "येस सर" म्हणालो तर बोट वर करायचे. "मराठीत बोला, तंजावरकर. हा हुकूम समजा." सकाळच्या कवायतीनंतर मला थांबवून विचारायचे, काल काय जेवलात, तुमच्याकडे डाळीला काय म्हणतात, बायको कशी बोलते. मी सांगत जायचो, ते मान डोलवत जायचे. इतर अधिकारी बघायचे. मला अवघडल्यासारखं व्हायचं, पण खोटं कशाला बोलू, छाती फुगायचीही. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या घरच्या बोलीला घराबाहेर कुणी विचारत होतं. आणि मनात हिशेब होताच. म्हटलं, जागा आता कुठे जाते? साहेब आपला माणूस.

कॅम्पच्या शेवटच्या दिवशी त्यांनी मला आणि त्या कॅप्टनला पाळीपाळीनं बोलावलं. तो आधी गेला आणि लगेच बाहेर आला. मी आत गेलो. पंखा बंद पडला होता, उन्हाळा होता, माझ्या कपाळावरून घाम नाकावर येत होता. मी मनात इंग्रजी वाक्यं घोकून गेलो होतो, छान, वजनदार. पहिलं तोंडातून बाहेर पडतंय तोच त्यांनी बोट वर केलं.

"मराठीत."

मी सांगितलं. सिग्नल का, पायदळ का नको, पॉलिटेक्निकमध्ये काय शिकवतो, अस्कें सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलून ऐकत होते, चेहऱ्यावर हसू. शेवटी म्हणाले, "बरं बरं. मग तुमचं कधीचं बघायचं? ह्या खेपेला की पुढच्या?"

मी टेबलावर दोन्ही हात टेकले आणि म्हणालो, "साहेब, मजला अवसर आहे. फार अवसर आहे."

आता इथं मला थांबलंच पाहिजे. आमच्या घरात अवसर म्हणजे घाई. निकड. आग लागलीय, बस सुटतेय, पोराला ताप चढलाय, तेव्हा आम्ही अवसर म्हणतो. तमिळमध्ये अवसरम् म्हणजे तेच, आणि कधी कुणास ठाऊक, आमच्या मराठीनं तो अर्थ शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसा आणला आणि परत केलाच नाही. आई दिवसातून वीसदा मला म्हणायची, "तुला कशाचा रे येवढा अवसर?" महाराष्ट्रात अवसर म्हणजे सवड, फुरसत, मोकळा वेळ, हे मला कुणी सांगायचं? माझ्या पणजोबांनी? तेही इथलेच!

साहेबांचा चेहरा खुलला. "वा! ही बातमी बरी दिलीत. मी जरा पेचातच होतो. मग निवांत करू की तुमचं."

आमच्यात 'निवांत राहा' म्हणतात ते काळजी सोडा म्हणून. मी समजलो, काम झालं. कडक सॅल्यूट ठोकला आणि तंबूबाहेर येऊन जवळजवळ पळालो. त्या संध्याकाळी मी तिरुचीहून बसमध्ये बसलो आणि तंजावर येईपर्यंत, माझ्या आयुष्यात प्रथमच, एका जागी बसलो.

घरी आल्यावर मात्र भिंगरी दुप्पट वेगानं फिरू लागली. कोर्सचा हुकूम येईल तेव्हा हातात वेळ नको असायला, म्हणून मी तयारीला लागलो. जुनी पुस्तकं काढली. मोर्स संकेत पाठ केले आणि डबऱ्यावर, म्हणजे कॉफी गार करायच्या पसरट वाटीवर, चमच्यानं टकटक करत बसायचो, बायको म्हणाली, "डबरा चेपला तर तुम्हींच नवा आणा." पॉलिटेक्निकच्या प्राचार्यांना सांगून ठेवलं की मी मध्येच जाईन, माझे तास दुसऱ्याला द्या. त्यांनी दिलेही. पोस्टमन गल्लीत शिरला की मी ओट्यावर. तो लांबूनच हात हलवायचा, नाही म्हणून. दसरा गेला, दिवाळी गेली.

"साहेबांना लिहून विचारा की," बायको म्हणाली.

"छे! निवांत म्हणालेत ते. मोठ्या माणसाच्या मागे लागू नये."

"तुम्हीं, आणि कोणाच्या मागे लागणार नाही?" ती हसली. "हे नवीनच जालं."

खरंच नवीन होतं. साऱ्या जन्मात मी एकदाच धीर धरला आणि तो नेमका तिथं. मी रात्री खाटेवर पडून मनात सेट उघडायचो, जोडायचो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, तो मी. पण माझ्या दृष्टीनं लग्न ठरलेलं होतं! पोंगलच्या सुमारास माझा वाढदिवस झाला आणि पस्तिशी पुरी झाली. मी मनाची समजूत काढली की नाव तर आधीच गेलंय, वय तेव्हाचं धरतील. बायकोनं खीर केली. मी ती बसून खाल्ली, पण चव लागली नाही.

उन्हाळ्यात पुन्हा कॅम्प लागला. ट्रकमधून उतरलो तर समोर तो कोइमतूरचा कॅप्टन उभा. खांद्यावर वायरलेसच्या तुकडीची खूण, चेहरा उन्हानं रापलेला. त्यानं माझा हात हातात घेतला आणि तमिळमध्ये म्हणाला, "सार, कोर्स फार छान होता. तुम्ही मोठेपणा केलात, मला आधी जाऊ दिलंत. साहेबांनी सांगितलं मला."

सामान तिथंच टाकून मी साहेबांच्या तंबूकडे निघालो. कुणाची वेळ घेतली नाही, टोपी नीट केली नाही. ते टेबलाशी चहा पीत होते. मला बघून त्यांचा चेहरा नेहमीसारखाच उजळला.

"या या, तंजावरकर! किती दिवसांनी! बसा. आता पुढच्या कोर्सला तुमचंच नाव पाठवायचं."

"साहेब, माझी पस्तिशी जाली."

त्यांनी कप खाली ठेवला. फाइल ओढली, माझं वय बघितलं, आणि पुन्हा बघितलं. मग त्यांचा आवाज उतरला. "पण मास्तर, तुम्हीच म्हणालात की. मी विचारलं, ह्या खेपेला की पुढच्या? तुम्ही म्हणालात, मला अवसर आहे. फार अवसर आहे. त्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, ॲट द अर्लिएस्ट, सर. मग मी काय करायचं?"

"अवसर आहे म्हणजे घाई आहे, साहेब!"

"अवसर म्हणजे सवड, हो!"

"घाई!"

बाहेर सुभेदार साहेब कुणावर तरी ओरडत होते. कर्नलसाहेबांना पहिल्यांदा अर्थ कळला तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. मग ते जे बोलले ते अजून माझ्या कानात आहे.

"अहो, मग एवढी महत्त्वाची गोष्ट इंग्रजीत सांगायची ना!"

बस्स. माझं डोकं फिरलं. मी कर्नलसमोर उभा आहे, वर्दीत आहे, सगळं विसरलो. आणि तोंडातून आली ती घरची मराठी, आई चिडली की बोलायची ती, तमिळ हेल काढून, भडाभडा.

"तुम्हींच म्हणट्लां मराठींत बोला! हुकूम म्हणट्लां! मी इंग्रजी तोंडांत घेऊन आलों होतों, तुम्हीं बोट दाखवलां. मी बोललों. आमच्यांत जशी बोलतात तशी बोललों. मजला दुसरी येत नाहीं! घामानें भिजलों होतों, तें दिसलें नाहीं तुम्हांस? सवड असलेला माणूस असा उभा राहतो का? वर्षभर मी वाट बघितली. बायकोस म्हणट्लों साहेब आपले आहेत. आपले! परक्यानें येवढें केलें नसतें!"

श्वास संपला तेव्हा थांबलो. माझे कान तापले होते. आता कोर्ट मार्शल झालं तरी चालेल अशी अवस्था होती. साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते टेबलाकडे बघत होते.

"घाम बघितला होता मी," ते हळू म्हणाले. "वाटलं, पंखा बंद आहे म्हणून." मग म्हणाले, "मास्तर, खरं सांगू? ह्या मुलखात येऊन मला आठ महिने झाले होते. घरच्यांना आणता आलं नव्हतं. तुम्ही बोलायचात ना, तेव्हा मी ऐकत बसायचो. काय सांगताय ते नाही हो. नुसतं ऐकत बसायचो."

मला मारलं असतं तर मी उलटून मारलं असतं. माझ्या आयुष्यातली एक गोष्ट, जी मी इतक्या तळमळीनं मागितली, ती या माणसानं अंगाई ऐकावी तशी ऐकली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला त्यांची दया येत होती आणि त्या दयेचाच मला भयंकर संताप येत होता. वयाची अट शिथिल करता येईल का, हे त्यांनी माझ्यासमोर फोन लावून वर विचारलं. पलीकडून नकार आला तोही मला ऐकू आला. फोन स्वच्छ होता.

मी सॅल्यूट करून बाहेर पडलो. घरी फोन लावायला पिवळ्या पाटीच्या दुकानात गेलो, बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जेवलांत का?" मी नाही म्हणालो आणि मला तिथंच, काचेच्या त्या खोक्यात, रडू आलं. बाहेर दोघं जण फोनसाठी खोळंबले होते, ते बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवायतीनंतर साहेबांनी मला बोलावलं. माझ्यासाठी त्यांनी काहीतरी शोधलं होतं. पायदळातून मला काढून पलटणीच्या कोठाराचा अधिकारी करत होते. तांदूळ, डाळ, बूट, तंबू. त्याला वयाची अट नव्हती. शाखा बदलायची होती ना, बदलली. मी मनातल्या मनात म्हटलं, तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. पण कान मात्र टवकारून होतो. ते काहीतरी बोलतील, 'काय तंजावरकर' म्हणतील, मग मी फटकन तोंड फिरवीन असं ठरवून गेलो होतो.

ते इंग्रजीत बोलले. सोमवारी ताबा घे. आधीच्या अधिकाऱ्याकडून सामान मोजून घे. काही शंका?

"नो, सर," मी म्हणालो.

बोट वर झालं नाही. त्यानंतर ते आमच्याकडे होते तोवर माझ्याशी एक शब्दही मराठीत बोलले नाहीत. जे सांगायचं ते स्वच्छ इंग्रजीत, सावकाश, आणि मला कळलं की नाही हे विचारून मगच पुढं जायचे. आमच्या दोघांत पुन्हा एकदाही चूक झाली नाही.